तलफेची भरती उतरेपर्यंत : व्यसनमुक्तीसाठी बुद्धविचार कसा वापरावा

पंचशील म्हणताना पाचव्या ओळीवर माझा आवाज खाली जात असे. दर रविवारी सकाळी वरळीतल्या आमच्या चाळीच्या विहारात वीस-पंचवीस माणसे वंदनेला उभी राहत, आणि ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि’ ही दारूपासून दूर राहण्याची ओळ जवळ आली की मी तोंडातली लवंग जिभेखाली सरकवून नुसते ओठ हलवत असे. कारण सकाळचा उतारा, म्हणजे थोडी दारू, घेतल्याशिवाय त्या काळात माझे हात नीट जोडलेही जात नसत. शेजारी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांना वास येत असणारच. ते काही बोलत नसत, आणि त्यांच्या त्या न बोलण्याचा राग धरून मी संध्याकाळी पुन्हा पीत असे.

माझी दारू थांबून आता अकरा वर्षे झाली, आणि गेली काही वर्षे मी नव्याने थांबणाऱ्यांबरोबर बसतो. बुद्धाच्या विचारातला कोणता भाग या कामात प्रत्यक्ष उपयोगी पडतो, तो कोणत्या क्रमाने हाताळावा, आणि कोणता भाग व्यसनी माणूस हमखास आपल्या सोयीने वाकवतो, हे पुढे मांडले आहे. उदाहरणे दारूची आहेत, कारण तिच्याशी माझी ओळख जुनी आहे. गर्द (ब्राउन शुगर), झोपेच्या गोळ्या, तंबाखू किंवा मोबाइलवरची रमी यांनाही यातले बरेचसे लागू पडते, आणि जिथे फरक जिवावर बेतणारा आहे तिथे तो सांगितला आहे.

ध्यानाआधी दवाखाना

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने धम्माच्या नावाने एका रात्रीत दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणसाला भिंतीवर किडे दिसणे, ओळखीची माणसे न ओळखणे, ताप येणे, घाम सुटणे असा भ्रम होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर त्यात मृत्यूही येतो. झोपेच्या गोळ्या अचानक बंद करण्यातही हाच धोका असतो. म्हणून आधी केईएम, नायर, सायन किंवा जे. जे. यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे, किती पितो आणि शेवटचे कधी प्यायलो हे खरे सांगावे, आणि डॉक्टर देतील ती औषधे व ‘बी-१’ जीवनसत्त्व घ्यावे. कुठे जावे हे कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पहिल्या आठवड्यात डोळे मिटून बसण्याचा हट्टही धरू नये. शरीर थरथरत असताना मन आत वळवले की घबराट वाढते, हे मी स्वतःवर आणि इतरांवरही पाहिले आहे. तेवढे दिवस पाणी, पेज, झोप आणि कोणाची तरी सोबत पुरेशी असते.

शपथ आणि शिक्षापद

आपल्याकडे दारू सोडायची म्हटले की शपथ घातली जाते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, देवीसमोर, कोणी पंढरीची माळ घालून. माळेने सुटलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु शपथ सगळ्या उरलेल्या आयुष्याची एकदम घेतली जाते आणि एकदाच मोडते. मग ‘मोडलीच आहे तर’ या तीन शब्दांवर माणूस पुढचे सहा महिने पीत राहतो, आणि ज्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता त्याला काही झाले तर, या भीतीपोटी आणखी पितो. मुलाच्या डोक्यावर ठेवलेला हात हे माझ्या मते त्या मुलावर केलेले ओझे आहे.

पाचव्या शीलातला शब्द आहे सिक्खापद, म्हणजे शिक्षापद. समादियामि म्हणजे ते मी स्वतः स्वीकारतो. आज्ञा देणारा कोणी तिथे नाही, आणि मोडले तर शाप देणाराही नाही. ते शीक मित्रा, एवढाच त्याचा सूर आहे. दर रविवारी तेच तेच का म्हणायचे असे मला पूर्वी वाटे. मग लक्षात आले की ज्याला पुन्हा पुन्हा शिकावे लागते अशा माणसासाठीच त्याची रचना आहे.

म्हणून सकाळी तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी, ती पाली ओळ मोठ्याने म्हणावी, आणि लगेच आपल्या भाषेत मुदत घालून सांगावी : ‘आज रात्री झोपेपर्यंत मी पिण्यापासून दूर राहण्याचे शिक्षण घेत आहे.’ मुदत तेवढीच, कारण उद्या सकाळी ती पुन्हा घ्यायची आहे. ओळीतला ‘पमाद’ हा शब्दही नीट समजून घ्यावा. मराठीत प्रमाद म्हणजे चूक, हातून घडलेला अपराध. पालीत त्याचा रोख बेसावधपणाकडे आहे. दारू हे बेसावधपणाचे ठिकाण आहे म्हणून तिथून दूर राहायचे. एवढा अर्थ कळल्यावर ती ओळ मला स्वतःला दिलेली शिवी वाटेनाशी झाली.

रात्रीसाठी एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलला, सांगितले होते की कोणतीही कृती करण्यापूर्वी, करत असताना आणि केल्यानंतर, आरशात पाहावे तसे तिच्याकडे पाहावे : ही मला किंवा दुसऱ्याला त्रास देणारी आहे का? वहीत आज तलफ कधी आली, आधी काय घडले होते, मी काय केले, एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. पानभर आत्मचरित्र लिहिणारे दुसऱ्या आठवड्यात वही सोडून देतात.

तहान कुठून लागते

मराठीत तहान लागते, भूक लागते, लळा लागतो, नाद लागतो, व्यसन लागते आणि आगही लागते. या सगळ्यांना आपण एकच क्रियापद लावले आहे, आणि ‘तहान’ हा शब्द तर थेट ‘तण्हा’मधून, म्हणजे तृष्णेतून आलेला आहे. त्यामुळे प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे एकातून दुसरे कसे उपजते याची, साखळी मराठी माणसाला अवघड वाटू नये. अडचण येते ती एकाच शब्दापाशी. तो शब्द म्हणजे वेदना. आपल्या बोलण्यात वेदना म्हणजे दुखणे. पालीत सुखद, दुःखद आणि धड सुखद नाही धड दुःखद नाही, अशा तिन्ही प्रकारच्या जाणिवेला वेदना म्हणतात. हे न कळल्यामुळे मी कित्येक वर्षे असे समजत होतो की वेदनेतून तृष्णा येते म्हणजे दुःखातून दारू येते, आणि दुःख तर आपल्याकडे भरपूर आहेच.

साखळीचा आपल्या कामाचा भाग असा : स्पर्श, त्यातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान, उपादानातून भव. समजा, पगाराच्या दिवशी तुम्ही गल्लीतून चालला आहात आणि कोणीतरी क्वार्टरचे झाकण फिरवतो. त्याचा ‘कडक्’ असा आवाज कानावर पडतो. तो स्पर्श झाला. त्याबरोबर जिभेच्या दोन्ही कडांना हलके पाणी सुटते, आणि क्षणभर बरे वाटते. ही सुखद वेदना आहे. ती तुम्ही मागवलेली नाही आणि तिच्याबद्दल तुम्हाला कोणी दोष देऊ शकत नाही. त्यापुढे ‘हवी’ असे उमटते, ती तृष्णा. मग डोके हिशोब मांडू लागते : एकच नव्वद मारू, बायकोला सांगू मिटिंग होती, बडीशेप खाऊ. हा हिशोब म्हणजे उपादान. आणि पहिला घोट जाण्याच्या आधीच तुम्ही पुन्हा तोच जुना पिणारा माणूस झालेले असता, तो भव.

उपादान या शब्दाचा पालीतला आणखी एक अर्थ इंधन असा आहे, आणि निब्बाण (निर्वाण) म्हणजे विझणे. आसक्ती सोडा असे म्हटले की आपल्याला वाटते, काहीतरी घट्ट धरलेले हातातून सोडायचे आहे, आणि ते जमत नाही म्हणून आपण दुबळे. आग मात्र धरून सोडायची वस्तू नव्हे; तिला पुढचे लाकूड घातले नाही की ती आपोआप खाली बसते. ‘एकच नव्वद’चा हिशोब हे ते पुढचे लाकूड आहे. स्पर्श टाळणे मुंबईत अशक्य आहे, कारण दारूचे दुकान नसलेला रस्ता शोधायला निघालात तर घरी पोचणार नाही. वेदना येणारच. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये मात्र एक बारीक फट असते, आणि साधना करायची ती त्या फटीत.

तृष्णाही तीन प्रकारची सांगितली आहे, आणि आपली कोणती हे ओळखणे उपयोगाचे ठरते. चवीची, मजेची ओढ ती कामतृष्णा. कोणीतरी होण्याची ओढ ती भवतृष्णा. टेबलावर सगळ्यांचे बिल भरणारा, चार पेग झाल्यावर साहेबाला सुनावणारा माणूस व्हावेसे वाटणे यात येते. तिसरी विभवतृष्णा, म्हणजे नसण्याची ओढ : डोके बंद व्हावे, काही ऐकू येऊ नये. मी प्यायचो ते बहुतेक या तिसरीपायी, आणि मजेची भाषा बोलत होतो. ज्याला चवीची ओढ आहे त्याला पर्यायी चव चालते. ज्याला नाहीसे व्हायचे आहे त्याला लिंबू सरबत देऊन काही होत नाही, त्याला झोप, डॉक्टर आणि बोलायला माणूस लागतो. ही ओढ जीव संपवण्याच्या विचारापर्यंत गेली असेल तर वही बाजूला ठेवून १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा आणि घरातल्या माणसाला जवळ बसवावे.

करी रोडच्या पुलावर

मी मशीद बंदरहून स्लो गाडीने करी रोडला उतरत असे आणि पूल ओलांडून वरळीकडे चालत जात असे. संध्याकाळी सात-सव्वासातला त्या पुलावर माझी तलफ ठरलेली. तिथे मी जे शिकलो ते जसेच्या तसे सांगतो.

आधी थांबायचे. गर्दी ढकलते, म्हणून कठड्याला टेकून उभे राहायचे, कोणाचा फोन आल्यासारखे. मग मनातल्या मनात नाव घ्यायचे : ‘तलफ आली आहे.’ ‘मला प्यायची आहे’ असे म्हणू नये. पहिल्या वाक्यात पाहुणा आलेला असतो, दुसऱ्यात तो घरमालक झालेला असतो. सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या पाली उपदेशांमध्ये, मोहात पाडणारा मार येतो तेव्हा बुद्ध त्याच्याशी वाद घालत बसत नाहीत, मी तुला ओळखतो एवढेच म्हणतात, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. मला हे वाचताना गंमत वाटायची, पुलावर वाटली नाही.

मग ती शरीरात कुठे आहे ते शोधायचे. माझी जबड्याच्या सांध्यात असायची, तळहातात असायची, आणि छातीच्या हाडामागे कोणी मूठ आवळल्यासारखी. श्वास रोखायचा नाही. उच्छ्वास मोजायचे, एक ते दहा, आणि पुन्हा एक. मोजताना त्या मुठीकडे पाहायचे : घट्ट झाली, सैल झाली, वर सरकली, गरम झाली. ती घालवायचा प्रयत्न करायचा नाही, कारण घालवायची घाई ही सुद्धा तृष्णाच असते. पहिल्या दिवशी मी घड्याळ लावले होते. बावीस मिनिटे लागली. मधे दोनदा ती वाढली, आणि दुसऱ्यांदा वाढली तेव्हा मी चार पावले दुकानाच्या दिशेने चाललोही होतो. मग ती उतरली. जाणीवपूर्वक इंधन घातले नाही तर बहुतेक तलफा अर्ध्या तासात उतरतात, पण हे ऐकून विश्वास बसत नाही. एकदा उतरताना पाहावी लागते.

अॅलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हीच पद्धत व्यसनोपचारात आणली, आणि तलफेवर लाटेसारखे स्वार व्हा असे तो सांगे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिॲटलच्या एका तुरुंगातल्या विपश्यना शिबिराचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. सुटकेनंतर शिबिरार्थींचे व्यसन नेहमीचे उपचार घेतलेल्या कैद्यांपेक्षा कमी आढळले, अर्थात शिबिर त्यांनी स्वतःहून निवडले होते हे विसरू नये. लाटेवर स्वार होणे मला जमत नाही, मी वरळीच्या समुद्राकाठी वाढलेला असलो तरी. भरती मात्र ठाऊक आहे : ती भिंतीपर्यंत येते, तिच्याशी कोणी भांडत नाही, कोळी होडी वर ओढून बिडी पेटवतो आणि वाट पाहतो.

पाचर

नुसते पाहून भागत नाही असे दिवस असतात. त्यासाठी बुद्धाने भिक्खूंना नको असलेल्या विचाराशी वागण्याचे पाच उपाय सांगितले आहेत, आणि ते क्रमाने आहेत. पहिला : सुतार जशी बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो तसा दुसरा, चांगला विचार आत घालावा. आपल्या भाषेत, काट्याने काटा. इथे मी विचारापेक्षा पोटावर भर देतो. सात वाजता माणूस उपाशी असतो, आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारही गोष्टी तलफेचा वेश घेऊन येतात. गाडीत चढण्यापूर्वी एक वडापाव खाल्ला तर करी रोडपर्यंत निम्मे काम झालेले असते. दुसरा उपाय परिणाम पाहण्याचा. सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे मोजले आहेत : धनाची हानी, भांडणे, रोग, अपकीर्ती, लाज सुटणे आणि बुद्धी क्षीण होणे. ही यादी पाठ करून काही होत नाही. प्रत्येकासमोर आपल्या आयुष्यातला एकेक प्रसंग, तारखेसह, वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा. माझ्या पाचव्या ओळीसमोर जे लिहिले आहे ते मी इथे सांगणार नाही.

तिसरा उपाय, न पाहण्याचा. मी चार महिने करी रोडऐवजी चिंचपोकळीला उतरलो आणि वीस मिनिटे जास्त चाललो. पगार थेट बायकोच्या खात्यात वळवला, मोबाइलवरून पैसे देण्याची सोय काढून टाकली. यात कमीपणा नाही. चौथा, वेग कमी करण्याचा : धावणाऱ्याने चालावे, चालणाऱ्याने उभे राहावे, उभ्याने बसावे. पाचवा उपाय दात आवळून, जीभ टाळूला लावून विचार दाबून टाकण्याचा, आणि तो शेवटी सांगितला आहे. आपण पहिल्याच दिवशी पाचव्यापासून सुरुवात करतो, त्याला इच्छाशक्ती म्हणतो, आणि तीन आठवड्यांत दमतो.

दुसरा बाण

सात महिने झाले असताना कल्याणकडच्या एका हळदीत मी प्यायलो. डीजे, ओळखीची पोरे, हातात कोणीतरी दिलेला प्लास्टिकचा ग्लास. साखळीतली एकही कडी तेव्हा दिसली नाही. पहाटे जिन्यात बसलो होतो तेव्हा डोक्यात एकच वाक्य फिरत होते, की सात महिने पाण्यात गेले.

सल्लसुत्तात बुद्ध म्हणतात की सामान्य माणसाला दुःखद वेदना झाली की तो दोन बाण खातो : एक शरीरावरचा, आणि दुसरा शोक करून, छाती बडवून स्वतःच मनात मारून घेतलेला. एवढा भाग प्रवचनांत नेहमी येतो. त्याच सुत्तात पुढे जे आहे ते व्यसनी माणसाने लिहून भिंतीवर लावावे असे आहे : दुःखद वेदनेने गाठलेला असा माणूस इंद्रियसुखाकडे वळतो, कारण दुःखातून सुटण्याचा त्याखेरीज दुसरा मार्ग त्याला ठाऊक नसतो. म्हणजे पश्चात्तापाने छाती बडवणारा माणूस पुढच्या प्याल्याचीच तयारी करत असतो. हळदीतला ग्लास पहिला बाण होता. जिन्यातल्या वाक्याने मी आणखी नऊ दिवस प्यायलो.

स्लिप झाली तर त्याच दिवशी एका माणसाला सांगावे; दोन माणसांना सांगण्याचे धैर्य नसेल तरी एकाला. पिणे काही दिवस चालले असेल तर थांबताना पुन्हा डॉक्टरकडे जावे. अंगावर आंघोळीचे पाणी घेऊन शील पुन्हा ग्रहण करावे, रविवारची वाट न पाहता. आणि शुद्धीवर आल्यावर साखळी उलटी लिहावी : ग्लासाच्या आधी काय, त्याच्या आधी काय. मी लिहीत गेलो तेव्हा हळदीच्या तीन दिवस आधी मी वही लिहिणे बंद केले होते असे निघाले. गर्द घेणाऱ्यांसाठी इथे वेगळा इशारा आहे. काही काळ बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्या मापाने पुन्हा घेतले तर श्वास थांबून माणूस जातो.

सोयीचा बुद्ध

व्यसनी माणूस कोणत्याही तत्त्वज्ञानाचा चखणा करतो. मीही केला. सगळे अनित्य आहे तर नोकरी गेली तरी काय झाले, ‘मी’च नाही तर प्यायले कोणी, आसक्ती दुःखाचे मूळ आहे म्हणून बायकापोरांत गुंतायचे नाही. हे शेवटचे सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकायला वैराग्यासारखे लागते आणि घरभाडे थकलेले असते. ज्या सिगालोवाद सुत्तात दारूचे तोटे आहेत त्याच सुत्तात आईवडील, पत्नी, मित्र, नोकरचाकर यांच्याशी गृहस्थाने कसे वागावे हे सहा दिशांच्या रूपाने सांगितले आहे. गृहस्थाला माणसे सोडायला त्यात कुठेच सांगितलेले नाही. लळा आणि व्यसन यांना आपण एकच क्रियापद लावत असलो तरी फरक ओळखायची साधी खूण आहे. दर वेळी थोडे अधिक लागते का, आणि तिच्यामुळे बाकीच्या गोष्टी आयुष्यातून एकेक करून बाहेर पडतात का? मुलीच्या लळ्यामुळे कोणाच्या घरातली भांडी विकली गेलेली मी पाहिली नाहीत.

दुसरा सापळा औषधांबद्दलचा. तलफ कमी करणाऱ्या गोळ्या किंवा गर्दच्या व्यसनावर दिले जाणारे ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याला ‘एक आसक्ती सोडून दुसरी धरली’ असे सांगणारे लोक विहारातही भेटतात. त्यांना तराफ्याचा दृष्टान्त सांगावा : नदी ओलांडण्यासाठी तराफा बांधतात, पैलतीरी पोचल्यावर तो डोक्यावर घेऊन फिरत नाहीत, पण नदीच्या मध्यावर असताना तो सोडून देणाऱ्याला कोणी विरक्त म्हणत नाही. गोळी कधी बंद करायची ते डॉक्टर ठरवतील.

विपश्यनेबद्दल मला रोज विचारले जाते, कारण इगतपुरी जवळ आहे आणि गोराईचा पॅगोडा सर्वांनी पाहिलेला असतो. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरे विनाशुल्क असतात आणि त्यांनी पुष्कळांचे भले केले आहे. मात्र दारू सोडवण्यासाठी म्हणून नातेवाइकांनी कोणालाही तिथे पाठवू नये. अर्जात व्यसन आणि औषधे यांची माहिती खरी लिहावी, पहिले काही महिने तरी जाऊ नये, आणि भ्रम किंवा तीव्र नैराश्य होऊन गेले असेल तर आधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला विचारावे. पायांतून रक्त येईपर्यंत चालत साधना करणाऱ्या सोण या भिक्खूला बुद्धाने वीणेची तार आठवून दिली होती, फार ताणलेली वाजत नाही आणि ढिलीही वाजत नाही. रोजची पंधरा मिनिटे ही नव्या माणसाची तार आहे.

सात ते दहा

दारू थांबल्यावर संध्याकाळचे तीन तास मोकळे पडतात. वर्षाचे ते हजारावर तास होतात, आणि त्या वेळात माणसाला प्रश्न पडतो की हे सगळे कशासाठी. पुष्कळजण आधी उत्तर मिळू दे, मग थांबतो असे म्हणतात. बाण लागलेला माणूस, बाण मारणारा कोणत्या जातीचा, धनुष्य कोणत्या लाकडाचे हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला तर तो तसाच मरेल, असे बुद्धाने मालुंक्यपुत्त या भिक्खूला सांगितले होते. आधी बाण काढायचा. अर्थ नंतर सापडतो, आणि तो विचार करून सापडत नाही, कोणाच्या तरी उपयोगी पडताना सापडतो.

आपल्या समाजात याला एक वेगळी बाजूही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा समता आणि करुणेच्या प्रतिज्ञांच्या शेजारी आहे. दारू न पिणे हा तिथे एकट्याच्या प्रकृतीचा प्रश्न राहिलेला नाही. आपण कोण होणार आहोत, याचा तो भाग आहे. हे आठवले की काहींना बळ येते. काहींना मात्र लाज येते, आणि लाजेने पिणे वाढते. अशा माणसाला पहिल्या महिन्यात प्रतिज्ञेची आठवण करून देऊ नये.

काम छोटे, ठरलेल्या वेळेचे आणि कोणीतरी वाट पाहत असेल असे निवडावे. माझ्याकडे विहाराच्या अभ्यासिकेची किल्ली दिली गेली. साडेसातला दार उघडायचे, पंखे लावायचे, दहाला बंद करायचे. पोरे पायरीवर बसलेली असत आणि मला दहा मिनिटे उशीर झाला तर तोंडावर बोलत. करी रोडच्या पुलावर उभा असताना खिशातली ती किल्ली बोटांना लागायची. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पाणी वाटणे, शेजारच्या आजीला दवाखान्यात नेणे, अशीही कामे चालतील. पहिल्या तीन महिन्यांत मंडळाचा अध्यक्ष मात्र होऊ नये. ती भवतृष्णा आहे, आणि अध्यक्षांना पार्ट्याही असतात.

सोबत आणि घर

कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवरचे सोबती, हा या मार्गाचा अर्धा भाग, असे बुद्धाचा शिष्य आनंद म्हणाला तेव्हा बुद्धाने त्याला दुरुस्त केले : अर्धा नव्हे, संपूर्ण. मुंबईत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी सभा भरतात आणि तिथे शुल्क नसते. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे आणि बौद्ध माणूस तिथे अडखळतो. मीही तीन वेळा उठून आलो. पुढे एका जुन्या सदस्याने सांगितले की तिथला शब्दप्रयोग ‘आम्हाला जसा तो समजला तसा’ असा आहे. मी त्या जागी संघ धरला. भोवती बसलेली पंधरा न प्यायलेली माणसे माझ्याहून निश्चितच बलवान होती.

घरच्यांना दोनच सूचना. जेवणात चोरून गोळी मिसळू नये. डायसल्फिराम हे दारू सोडण्यासाठीचे औषध पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि ते औषध त्या माणसाच्या संमतीने व देखरेखीखालीच द्यायचे असते. दुसरी, रात्री दार उघडल्याबरोबर तोंडाचा वास घेऊ नये. आमच्या घरी ही सवय मोडायला वर्ष लागले. बायको पोळ्या लाटत असताना पाठमोरीच ‘आज आली होती का?’ एवढे विचारू लागली. दारू प्यायलास का, यापेक्षा हा प्रश्न सोपा होता, कारण त्याचे उत्तर ‘हो’ असले तरी कोणी रडत नसे. मी सांगायचो, आली होती, पुलावर, अठरा मिनिटे. ती म्हणायची, हात धू, वाढते.